फीडर नंबर तीन

रात्री बाराला मी ब्रेकर चढवतो.
खट्ट.
एवढाच आवाज, आणि शिवारात
पन्नास-साठ माणसं अंथरुणातून उठतात.
कुणी बॅटरी शोधतं, कुणी दुसरी चप्पल,
कुणी डोळे न उघडताच विचारतं, आली का गं लाईट?
आली.
वेळापत्रकावर सही माझी नाही,
हात मात्र माझा.

मग मी काट्यासमोर बसतो.
एक वाजता एकशेदहा अंपियर.
दोनला एकशेचाळीस.
दर तासाला निळ्या पेनानं एक आकडा
लॉगशीटच्या चौकोनात.
चार वर्षं झाली.

मन्मथअप्पा हालगे दाऱ्यावरून परतताना फाटकाशी थांबतात,
पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे.
म्हणतात, "यासीनभाई, पिकालाबी रातीला निजायचं असतंय.
झोपलेल्या लेकराच्या तोंडात कुणी दूध वततंय का?"
मी हसतो. मला हसू येत नाही.

घरी सकाळी नऊला माझी रात्र होते.
खिडकीला काळा कागद.
शमीमनं पोरींना खुणेनं भांडायला शिकवलंय.
शिट्टी व्हायच्या आत ती कुकर उतरवते,
तेव्हा आमच्याकडची डाळ
नेहमी थोडी कच्चीच.
आणि त्या एवढ्या जपलेल्या शांततेत
मी छताकडे बघत पडतो,
पंख्याची पाती मोजतो. तीन. दर वेळी तीनच.

मार्गशीर्षातल्या अवसेला पाळी सुटली
तर अप्पा मोटरसायकल चालू ठेवून उभे.
"घरी काय जाताव, चला. येळवस हाय."

शाळू डोक्याच्या वर गेलेला.
कडब्याची कोप, आत पाच दगड चुन्यानं पांढरे,
शेजारी आंबिलीचं मडकं,
शिवगंगाबाईंच्या हातची भज्जी, बाजरीचे उंडे,
वाढताना नाही म्हणायची सोय नाही.
दोन गिलास आंबील प्यालो.
तिसरा हातातच राहिला असावा.

पोरं बाभळीच्या झोक्यावर किंचाळत होती,
बाया हसत होत्या, कुणाचं तरी रेडिओवरचं भांडण,
बैलांच्या गळ्यातल्या घंटा,
शाळूची पानं एकमेकांवर घासत होती कोरड्या तळव्यांसारखी,
आणि मी झोपलो.
उघड्या उन्हात, ढेकळावर डोकं ठेवून,
त्या सगळ्या गलक्यात.
कारण त्या गलक्याला
दिवस कुठं चाललाय ते ठाऊक होतं.

उठलो तर अंगावर घोंगडी.
"किती वाजले?"
अप्पांनी घड्याळ नाही बघितलं, बांधाकडं बघितलं.
"बैलं पाण्यावर गेली, येवढं झालं."
अंधारात पेटते हेंडगे घेऊन पोरं शेताला फेरी घालू लागली.
जाळ मागं, धूर पुढं,
मग तेही विझलं.
काळोख कसा अगदी नीट शिजलेला.

बाराला ब्रेकर चढवला.
खट्ट.
काट्याकडे बघत बसलो.
एक वाजता नऊ अंपियर.
ऑटोवर टाकलेल्या दोन-चार मोटरी असतील, बाकी कुणी नाही.
दोनला नऊ.
तीनला काचेवर बोटानं टिचकी मारली,
काटा बिघडला की काय म्हणून.
नऊच.
मी दिलेली वीज तारांवर उभी होती, आणि तिला कुणी बोलावत नव्हतं.
पहिल्यांदाच मला ट्रान्सफॉर्मरची घरघर
कुणीतरी शेजारी झोपल्यासारखी वाटली.

सकाळी साहेबांचा फोन.
"तीन नंबरला फॉल्ट होता का रे?"
"नाही साहेब."
"मग लोड कुठं गेला?"
शेऱ्याचा रकाना मी कोरा ठेवला होता.
"झोपला होता," म्हटलं.
साहेब थोडा वेळ काही बोलले नाहीत. ठेवला त्यांनी.

दुसऱ्या रात्री परत एकशेचाळीस.
अप्पांची बॅटरी ऊसातून हलताना मला खिडकीतून दिसते.
वेळापत्रक मार्चपर्यंत हेच आहे.

पण घरी येऊन
काळ्या कागदाचा एक कोपरा मी सोडवला.
उन्हाची पट्टी फरशीवर पडली, पोरीनं तीत पाय ठेवला,
आणि खुणेनं विचारलं, चालेल?
शमीमला म्हटलं,
कुकर वाजू दे.