राजापुरी

नयनाबाई ठोंबरे, वय चोपन्न.
वाशीच्या मसाला मार्केटात, हळदीच्या पेढीवर
एकोणतीस वर्षं वह्या लिहितात.
खुर्चीत बसल्या, चष्मा काढून मांडीवर ठेवला,
म्हणाल्या, पिवळे करायचेत.

सेक्टर सतरातल्या या सलॉनमध्ये
असं कुणी म्हणत नाही.
मोबाइल पुढे करतात,
राखेचा, ओल्या वाळूचा, थंडगार रंग मागतात.
मी विचारलं, पिवळे म्हणजे कसे?
बाईंनी पर्समधली कागदाची पुडी सोडली,
हळकुंड काढलं, कट्कन मोडलं,
आतली बाजू दिव्यापुढे धरली.
ही राजापुरी. वरून मातकट, आत बघ.

परवाच कानामागे ठिपका लावून पाहिला होता,
खाज नाही, लाली नाही.
पी हळद अन् हो गोरी, असं नाही ना रे हे?
नाही, म्हटलं, चार तास. पाचही लागतील.
लागू देत. शेठला सांगितलंय,
दाढ काढायला चाललेय.

लोकांना वाटतं आम्ही सोनं चढवतो.
चढवत नाही, आधी उतरवतो.
काळ्याच्या खाली तपकिरी,
त्याखाली लाल, लाज वाटावी इतका लाल,
मग विटकरी, मग केशरी,
आणि पार तळाशी पिवळा,
जन्मापासून तिथेच बसलेला.
कंगव्याच्या शेपटीनं रेघ पाडायची,
कागदाएवढी पातळ बट,
खाली फॉइल, वर निळसर लेप,
घडी, पुन्हा घडी.
मानेकडून सुरुवात. टाळूलगतचं सगळ्यात शेवटी,
तिथं अंगाचीच ऊब असते
आणि ऊब घाई करते.

बाबांच्या तुर्भ्याच्या दुकानात रंग दोनच,
मेंदी आणि काळा.
मी कोर्स करून आलो तेव्हा गिऱ्हाइकाला म्हणाले,
अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालाय पोरगा.
इथं माझ्या बिल्ल्यावर सॅम लिहिलंय.
खरं नाव काय तुझं?
समाधान.
एवढं मोठं नाव कापलंस? सवयच तुम्हाला.

पन्नासाव्या मिनिटाला एक फॉइल उघडली. केशरी.
इथं बायका घाबरतात,
एकीनं आईला फोन लावला होता.
नयनाबाईंनी चष्मा चढवला, बट बोटांत घेतली,
ओलं हळकुंड, म्हणाल्या,
अजून सुकायचंय. झाक.

मी झाकलं.

धुतल्यावर सवयीनं जांभळी बाटली उचलली.
पिवळ्याला जांभळा मारतो,
हे पहिल्याच दिवशी शिकवतात.
हे कशाला?
पिवळा झाकायला. रंग थंड दिसतो.
ओल्या डोक्यानं त्या आरशातून माझ्याकडे बघत राहिल्या.
मग चार तास तू काय काढत होतास?

बाटली जागेवर गेली.
काट्यावर वाटी ठेवून सोनेरी तीस ग्रॅम घेतला,
तांबूस दोन. मग, कुणी न सांगता, अजून अर्धा.

मुळं कधी दिसतील?
सहा आठवड्यांत. काळी थोडी, पांढरी जास्त.
लग्नातली चार दिवसांत गेली होती, म्हणाल्या,
आणि चहा मागितला. बिनसाखरेचा.

केस वाळले. रंग आपला आपण वर आला,
टोकांशी कढवलेल्या तुपासारखा,
कपाळाजवळ थोडा अधिक गडद.
त्यांनी मोडकं हळकुंड कानाशी धरलं,
मान तिरपी केली,
गोणीत बोट खुपसून भाव करतात तसं तोंड केलं.
चिमूटभर कमी आहे.
पण माल चोख.

निघताना एक तुकडा माझ्या ट्रेमध्येच राहिला,
ब्रश आणि क्लिपांमध्ये.
उद्या पेढीवर काय सांगणार, मी विचारलं.
दाढेचंच सांगेन की, म्हणाल्या,
गालाला रुमाल लावून दाखवला,
गाल सुजल्यासारखा करून पाहिला,
जमेना,
लिफ्ट येईपर्यंत हसतच होत्या.