डबल बी

उद्यमबागेत, लेथच्या किरकिरीमागे आमचं दुकान.
खोक्यांच्या डाय, साचे, आणि हल्ली बालवाड्यांच्या पाट्या.
हुबळीहून टेम्पो आला की मौनेश बडिगेर
चहा अर्धा ठेवून उठतात.
बर्चचा सायीसारखा पांढरट पत्रा
गिऱ्हाईक वरून बघतं.
हे गुडघे मोडून कडेशी बसतात.

"तोंड सगळेच धुऊन येतात, अक्का. कड बघा."

कडेला थर. फिकट, गडद, फिकट.
एकाचे धागे उभे, त्याला चिकटलेल्याचे आडवे,
म्हणून तर जागचा हलत नाही.
सगळे एकाच अंगाला निजले असते
तर श्रावणात पापडासारखे वळले असते.
ते मोजतात: वंदु, येरडु, मूरु.
मी मोजते: एक, दोन, तीन.
अठरा एमेमच्या पोटात दोघांचेही तेरा भरतात.
एकदा माझे बारा भरले.
त्यांनी काही न बोलता माझा चष्मा पुसून दिला.

मग बोटाच्या पेरानं टकटक, वीतवीत सरकत,
शनिवारी खडेबाजारात कलिंगड बघावं तशी.
टण्. टण्. टण्.
आणि एका जागी, ढब्ब.
तिथं खडूचा गोल. आत पोकळ आहे.
कुठल्यातरी बर्फाच्या मुलुखात
कुणाला तरी त्या दिवशी घरी जायची घाई होती.

बिलावर: बी बाय डबल बी.
नवी होते तेव्हा मला वाटलं, पेरायचं बी.
बी म्हणजे निर्मळ अंग, फार तर टाचणीच्या डोक्याएवढी गाठ.
डबल बी म्हणजे गाठ कोरून काढलेली,
तिथं माशाच्या आकाराचं ठिगळ,
त्याच जातीच्या झाडाचं.
तोंड एका प्रतीचं, पाठ दुसऱ्या. भाव एकच.
आणि सी? सगळ्या गाठी उघड्या, भेगा उघड्या.
"त्याचं बरं असतंय," मौनेश म्हणतात,
"स्वस्त म्हणूनच येतंय, स्वस्त म्हणूनच जातंय."

यंदा जांबोटीकडच्या शाळेच्या चाळीस पाट्या होत्या.
एका अंगाला मराठी मुळाक्षरं, दुसऱ्या अंगाला कन्नड,
बोट फिरवायला खोदलेली.
बाईंचा फोन: चांगली बाजू मराठीला द्या हं.
दुपारी कमिटीतल्या कुणाचा: चांगली बाजू कन्नडला.
मी दोघांना हो म्हटलं.
मौनेशनी वीस इकडून खोदल्या, वीस तिकडून,
ढब्ब जागा एका पाटीच्या मुठीच्या भोकात घालवली,
आणि गठ्ठा पत्त्यांसारखा पिसला.

पोचवायला मीच गेले.
वडील सांगायचे, आपल्याकडचा भूर्ज तो ह्याचाच भाऊबंद,
सालीवर पोथ्या लिहायचे. हे तिथं कुणाला सांगणार!
पोरं ओसरीत बसली होती, नाकं पुसत.
सावित्री दळवाई नावाच्या चिमुरडीनं
'ग' वर बोट फिरवलं, पाटी उलटली,
तिथल्याही अक्षरावर फिरवलं,
मग बोट घसरून ठिगळावर गेलं.
कडेकडेनं, पूर्ण एक फेरी.
"बाई, हे कुठलं?"

बाईंनी भिंतीवरचा एक तक्ता बघितला.
मग दुसरा.

परत आले तेव्हा मौनेश नव्या मालाशी बसले होते,
कान लावून.
मी सांगितलं.
"मग? काय सांगितलं तिला?"
काहीच नाही, म्हटलं.
ते हसले की नाही कळलं नाही, तोंड कडेला होतं.
टण्, टण्.