अधिक साडेपाच

चोपड्याच्या केळीच्या शीतगृहात
तीन नंबरची खोली तापली.
लॉग म्हणतो : अकरा तारीख, वीस चाळीस.
शेठ म्हणाले, बघा, पावणेनऊ.
सुपडू तेव्हा जेवायला घरी.

सुपडूअण्णांच्या वहीत पेन्सिलीनं :
बारा तारीक. रात्री दोन दहा. मशीन गप झालं.
बाईंना फोन केला. उचलला नाही.

मी बोटांवर मोजलं.
वीस चाळीसात साडेपाच तास घातले
की सव्वीस दहा,
म्हणजे दोन दहाच.
सर्व्हर ग्रीनिचच्या घड्याळावर जागतो.
ते मीच ठरवलं होतं, मे महिन्यात, कूलरसमोर बसून :
माल दुबईला जातो, इराणला जातो,
वेळ कशी एकच असावी.

अण्णा फार बोलले नाहीत.
"घड्याय तुन्हं व्हई, बाई.
रात ते मन्ही व्हती."

आता वर्ष आधी, मग महिना, मग दिवस,
तीन-चार की चार-तीन हा घोळ नको.
वेळ इथली.
आणि प्रत्येक ओळीला शेपूट : अधिक साडेपाच.
शेठना छापून दिलं. त्यांनी घडी करून खिशात घातलं.

माझ्या मोबाइलवर
एक मिस्ड कॉल अजून तसाच आहे.
दोन चौदा.
तिथे काही मिळवावं लागत नाही.