सदतीस अंश

नागपूर शेहेचाळीसवर गेलं
की आमच्या लॅबमध्ये, फ्रीज सोडला तर,
सगळ्यात गार जागा म्हणजे जंतूंची पेटी.
सदतीस अंश. ना कमी, ना जास्त.
आमचा कूलर आठवडाभर बंद आहे, अर्ज दिलाय.

सकाळी सातला ताटल्या बाहेर काढते.
आयसीयू, बेड नऊ, प्रल्हाद हेडाऊ, वय एकसष्ट,
हातमागाचा विणकर, गोळीबार चौक.
आतड्याचं ऑपरेशन झालं, तेही नीट झालं.
ताप मात्र इथला. घशातल्या नळीवरचा बुळबुळीत थर इथला.
क्लेबसिएलाही इथलीच,
लूपने उचलली की पाकासारखी तार धरते.

औषध लागू पडलं तर चकतीभोवती
स्वच्छ गोल उमटतो.
आज तेराही चकत्यांच्या काठाला
वाढ येऊन टेकली आहे.

आत काय चालतं ते मला पाठ आहे:
दारं अरुंद करून घेतलेली,
तरी शिरलंच काही, तर पंप लावून बाहेर,
उरलंसुरलं कापायला घरचीच कात्री.
आणि त्या कात्रीचा नमुना, एक इवलासा गोल धागा,
ती शेजारणीला देऊन टाकते
जातही न विचारता.

द्रुपदाबाई व्हरांड्यात बसलेली असते.
एकदा मोबाइलवर तिला एक चांगली ताटली दाखवली होती,
तेव्हापासून रोज:
"आला का वं गोल, मॅडम?"
काल म्हणाली, "हे आलं तरी कुठून?
आमच्या घरी तं याले खोकला बी नव्हता."

चौदावी ताटली पेशंटची नाही.
आठ आणि नऊच्या मधल्या बेसिनची, जाळीखालची.
तोच गुलाबी रंग. तीच तार.

कोलिस्टिन चकतीवर तपासत नाहीत, खळग्यांत तपासतात.
चौथ्या खळग्यापासून पुढे नितळ.
लिहिते: हे चालेल.
मूत्रपिंडं किती दिवस सोसतील
याला माझ्या फॉर्मवर रकाना नाही.

कागद स्वतः वर नेऊन दिला.
बेसिनचंही सांगितलं. सिस्टर म्हणाली, प्लंबरला तीनदा कळवलंय.
निघताना, इतक्या वर्षांची सवय,
हात धुतले.

व्हरांड्यात द्रुपदाबाई उठून उभी.
गोल नाही, म्हटलं, पण एक औषध सापडलंय.
ती माझे हात धरायला पुढे आली,
बोटं अजून ओली होती,
मी ते पाठीमागे नेले.