दोनशे अठरा

सकाळी पावणेदहाला, विश्रामबागेत,
खाली झेरॉक्सचं दुकान, वर आमची टीम.
उभ्यानंच बोलायचं असा नियम,
म्हणजे कोणी फार बोलत नाही.
काल काय केलं, आज काय करणार, कुठं अडलंय.
मी विचारते. भिंतीवरच्या पडद्यावर
कार्डं डावीकडून उजवीकडं सरकतात:
करायचंय, चाललंय, तपासतोय, झालं.
पाचवा रकाना लाल. अडकलंय.
तो मी मागून घातला,
पुण्याच्या ऑफिसला न विचारता.

दर दुसऱ्या सोमवारी अंदाज लावायचे.
सगळ्यांनी आकडा झाकून ठेवायचा, मग एकदम उघडायचा.
हे मला कोणाला शिकवावं लागलं नाही.
वडील हळदीच्या सौद्यात तोलाईदार.
रुमालाखाली दोन माणसांची बोटं काय बोलतात
ते त्यांना रुमालाच्या सुरकुत्यांवरून कळायचं
असं सांगायचे. खरं असेल, नसेल.
घरी यायचे ते कानाच्या पाळीपर्यंत पिवळे.

तौसिफ मुजावर, दोन. पद्मजा, दोन.
ओंकार नवीन आहे. त्यानं सगळ्यांची तोंडं वाचली. दोन.
भूपाल मगदूम, आठ.
लॉगिनचं बटण हलवायचंय फक्त, भूपाल. आठ?
ज्याचा आकडा वेगळा त्यानं बोलायचं, हाही नियमच.
"ऱ्हाऊ दे," म्हणाला, "दोनच धरा."
रुमालाखाली बरं असतं,
तिथं कोणी कारण विचारत नाही.

बुधवारी बोर्डावर एक कार्ड आलं.
त्याला वाटलं स्वतःच्या यादीत टाकलंय,
पडलं आमच्या सगळ्यांच्यात.
आईचं डायलिसिस. मंगळ, शुक्र. मिरज.
सहाला निघणे. डबा. निळी फाईल.
सुट्टे पैसे.
क्रमांक दोनशे अठरा. प्राधान्य: मध्यम,
कारण काही नाही भरलं तर सॉफ्टवेअर तेच भरतं.

मला पुसता आलं असतं. तो अधिकार एकट्या माझ्याकडं आहे.
बाण कार्डावर नेला, तिथंच ठेवला.
आमचा ग्राहक हॉलंडचा, कार्डं मोजतो.
उतरती रेघ पंधराव्या दिवशी शून्याला टेकली पाहिजे,
नाहीतर ईमेल येतो. फार नम्र ईमेल.

सकाळच्या बैठकीत कोणी काही बोललं नाही.
भूपालनं चपलेकडं बघत बटणाचं सांगितलं.
दुपारी बघते तर दोनशे अठराखाली
एक उपकाम उगवलेलं: शुक्रवारी गाडी मी आणतो. तौसिफ.
संध्याकाळी दुसरं: फाईल स्कॅन करून देते,
मूळ कागद घरीच राहू देत. पद्मजा.
ओंकारचा नुसता अंगठा.
मग तासाभरानं, त्याचंच:
सुट्टे आहेत माझ्याकडं.

त्या खेपेला रेघ शून्याला टेकली नाही.
शेवटी एक पायरी उरली, जिन्याला चुकून जास्त झाल्यासारखी.
ईमेल आला. हे दोनशे अठरा काय आहे,
आणि कुठल्या लिपीत?
मेंटेनन्स, मी लिहिलं.
खोटं नाही लिहिलं.

आता चौदावा स्प्रिंट.
ओंकारला तिथल्या सिस्टरांच्या पाळ्या पाठ झाल्यात,
भूपालचे आठ कोणी खोडत नाही,
निम्म्या वेळा त्याचेच बरोबर निघतात.
शेवटच्या शुक्रवारी स्प्रिंट बंद करायला घेतला
की सॉफ्टवेअर दर वेळी तेच विचारतं:
एक काम अपूर्ण आहे. पुढच्या स्प्रिंटमध्ये न्यायचं का?
बाकीची कार्डं मी दोन आठवडे उजवीकडं हाकलत असते,
कधी मुलांवर ओरडते.
हे एकच
त्या शेवटच्या रकान्यात मला बघायचं नाहीये.
भूपाल नेमका तेव्हा माझ्या खुर्चीमागं उभा,
चहा विचारायला आल्यासारखा,
हातात दोन कप.
मी 'हो' दाबते.
तो दोन्ही कप माझ्याच टेबलावर ठेवून जातो.