उजवा कंस

ग्रिम्झबीच्या कॉलेजात, मंगळवारी सातला,
हीटर दोनदा ठोकावा लागतो.
सहा जण. मागच्या वर्षी चौदा होते.
का गळाले, ते हल्ली विचारायचं नसतं.

पुण्यात मी ही भाषा शिकले जाड पुस्तकातून.
त्यात ट्रॅक्टर होते, पंचवार्षिक योजना होत्या,
कॉम्रेड कायम कारखान्याकडे निघालेले.
कुणाचं काही हरवत नसे.

म्हणून आता भिंतीवर लावते
पेर्ममधल्या एका इमारतीच्या ग्रुपवरचा मजकूर,
नावं पुसून:
"करडा हातमोजा सापडला. डावा.
तिसऱ्या मजल्यावर, रेडिएटरवर ठेवलाय )"

कीली रात्रपाळीची नर्स, आडवळण नाही:
कंस मिटला, मग उघडला कुठे?
हे हसू आहे त्यांचं, सांगते.
डोळे नाहीत, नाक नाही,
ओठाचा एक कोपरा तेवढा.

उत्तर लिहा म्हटलं.
पाठवायचं नाही, पण पाठवणार असल्यासारखं.
आणि शेजारी अनोळखी, तेव्हा तू नाही, तुम्ही.
(इथे माझी मराठी कामी येते,
त्यांची इंग्रजी त्यांना दगा देते.)

अक्षरं शोधत बोटं चाचपडतात,
ओहोटीला गाळात शिंपले शोधावेत तशी.
टोबायस लिहितो: आभारी आहे, पण माझे दोन्ही हात उजवे ))
कीली: रेडिएटर फार गरम नाही ना? लोकर आटेल.
त्यावर तिघं एकदम भांडू लागतात, लोकर आटते की नाही,
मोडक्या रशियनमध्ये, आणि मी फळ्यापासून
हळूच बाजूला होते.

डेझ हार्करचं सगळ्यात शेवटी.
शहात्तर वर्षांचा. बॅरेंट्स समुद्रात ट्रॉलरवर होता.
तिकडच्या बोटीवर सिगारेटी फेकायचे, तिकडून खारवलेला मासा यायचा,
शब्द एकही नाही. म्हणून तर नाव घातलं, म्हणाला होता.
भिंतीवर उमटतं:
"माझा. मी लांब ("

उलटा पडला तुझा कंस, टोबायस हसतो.
नाही, म्हणते मी. असाही असतो.
मी शिकवला नव्हता अजून.

डेझ चष्मा पुसतो. हीटर खडखडतो.
खाली कीलीची ओळ येते, कुणी न सांगता:
"मग आम्ही सांभाळून ठेवतो. तुम्ही या."

तुम्ही बरोबर.
विभक्ती चुकली आहे,
पुढच्या मंगळवारी सांगेन.