मुका खांब

वाग्न दर मंगळवारी येतो
ट्युबोरनच्या वाचनालयामागच्या खोलीत,
टोपी काढून गुडघ्यावर ठेवतो
आणि आम्हा सात बायकांकडे न बघता
सुई मागतो. अडीच मिलिमीटर.

मी आधी सोपं ते दाखवलं:
चार साखळ्या घाल, पहिलीत सुई अडकव, जोड.
झालं कडं. आता त्यात टाके भर.
माझ्या आईचे सगळे रुमाल असेच सुरू झाले,
मधोमध भोक, वाटाण्याएवढं.
कॉफीच्या किटलीखाली कुणाला दिसतंय?

पण आपण रुमाल करत नाही, मी म्हटलं,
ऑक्टोपस करतोय.
दवाखान्यात काचेच्या पेट्यांतून
दीड दीड किलोची माणसं निजलेली असतात.
हाताला काही नसलं की नळ्या ओढतात.
म्हणून मुठीत एक पाय द्यायचा, सुती, पिळाचा,
नाळेसारखा वाटतो म्हणे.
डोक्यात कापूस. त्यातला एक तंतूही
बाहेर येता कामा नये.
म्हणजे सुरुवातीलाच भोक नको.

मग दुसरी रीत:
बोटाभोवती दोरा गुंडाळ. गाठ मारू नकोस.
हो, गाठ नाही. नुसता फास.
त्यात सहा मुके खांब घाल
आणि शेपटी ओढ.

बेचाळीस वर्षं ट्रॉलरवर गाठी मारलेला माणूस,
त्याचा फासावर विश्वास बसेना.
"हे सुटेल," म्हणाला.
त्या दिवशी एवढंच.

पुढच्या मंगळवारी थोडं जास्त:
"जाळं म्हणजे काय, भोकंच ना,
कडेनं दोरा लावलेली.
जन्मभर मी भोकं नीट ठेवली.
केवढा मासा सोडायचा, ते भोक ठरवतं."
आस्ता हसली. तो नाही.

वाढवायचं गणित त्याला चटकन आलं.
सहा, बारा, अठरा, चोवीस.
वाढ विसरलास तर वाटी होते,
जास्त केलीस तर झालर.
सपाट राहणंच कठीण, असं मी सगळ्यांना सांगते
आणि मग स्वतःच गप्प होते.

गोलात फेरी कुठे सुरू झाली ते हरवतं.
शिवण नाही, कोपरा नाही,
टाक्यावर टाका चढतो, गोगलगाईच्या पाठीसारखा.
म्हणून खुणेचा दोरा. मी डब्यातला गुलाबी दिला.
त्यानं खिशातून स्वतःचा काढला:
जाळ्याचा नारिंगी तुकडा,
मिठानं ताठ झालेला.

परीक्षा अशी, की दिव्यासमोर धरायचं.
मधून उजेड आला तर उसवायचं.
त्याच्या पहिल्यातून आला, टाचणीच्या टोकाएवढा.
मी म्हणणार होते, चालेल,
तोवर त्यानं ओढलंसुद्धा,
अठरा, बारा, सहा,
टेबलावर नुसता कुरळा दोरा.
दुसऱ्यातूनही आला.
तिसरं, मार्चमध्ये,
बाहेर वारा डोलकाठ्यांच्या तारा वाजवत असताना,
दिव्यासमोर काळंच राहिलं.

तेव्हा तो, दिव्याकडेच बघत:
"आम्ही आइसलँडच्या खाली होतो.
रेडिओवर कळलं, मुलगा झाला. दोन महिने आधी.
बंदराला लागायला अकरा दिवस गेले."
आणि शेपटी पुन्हा ओढली,
जी आधीच पुरती ओढलेली होती.

आस्ता किटली भरायला उठली.
किटली भरलेलीच होती.

आठ पाय त्यानं घरी केले.
डोळे मी भरून दिले, एवढं बारीक
त्याच्या बोटांना जमत नाही.
नारिंगी खूण काढून त्यानं खिशात टाकली,
टोपी घातली, दारापाशी थांबला.
"आणखी दोरा आहे?"
"कुठला रंग?"
"मऊ असला म्हणजे झालं."

मी पिवळा दिला.
तिथंच, उभ्या उभ्या,
तो बोटाभोवती गुंडाळू लागला,
गाठ न मारता.